घड्याळवाल्याचं भिंग

बीडच्या स्टँडसमोरच्या टपरीवर दर रविवारी मी आणि माझा मित्र फासे नि वह्या घेऊन बसतो. वहीत आपला एक वीर लिहायचा, फासे टाकायचे आणि त्याची गोष्ट पुढं न्यायची, असा आमचा खेळ. नियम मित्र सांभाळतो. शेजारी घड्याळं दुरुस्त करणारे एक काका बसतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. उजव्या डोळ्याला भिंग लावलेलं, आणि गिऱ्हाइकाशी बोलतानाही मान खालीच.

त्या दिवशी माझ्या वीराला सरदार व्हायचं होतं. त्यासाठी ताकद अठरा लागते, माझ्या वीराची सोळाच. जादूची अंगठी घातली की अठरा भरते. पण उसनी ताकद चालणार नाही, असं म्हणत मित्र अडून बसला. मीही हट्टाला पेटलो.

काकांनी मान वर केली. भिंग मित्राच्या हातात दिलं आणि उघडलेलं घड्याळ पुढं सरकवलं.

"लावा डोळ्याला. काय बिघडलंय सांगा."

मित्रानं बराच वेळ पाहिलं. "चक्रं दिसतायत," तो म्हणाला.

"दिसणारच. भिंग समद्यांनाच दावतंय, पर तेवढ्यानं कुणी घड्याळवाला होत न्हाई. अन् त्याच्याबिगर मीबी न्हाई."

"म्हणजे अंगठीची ताकदही धरायची," म्हणत मित्रानं माझ्या वहीत 'सरदार' असं लिहिलं.

"अन् अंगठी हरवली तर?" काकांनी विचारलं.

"मग सरदारकी जाते," मित्र म्हणाला.

एरवी चहाला उठताना काका भिंग उघड्या डब्यात टाकून जायचे. त्या दिवशी त्यांनी ते आतल्या खिशात ठेवलं आणि चहा संपेपर्यंत खिशावरचा हात काढला नाही.