कीथचा उजवा दंड

शशिधर पेंडसे लंडनजवळ क्रॉयडनच्या एका हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढायचे. माणूस कामात चोख, पण स्वभावाने भित्रा. घरचा फोन जरा अवेळी वाजला, की पुण्यात कोणाचं तरी बरंवाईट झालं असं धरूनच ते रिसीव्हर उचलत.

अशा माणसाच्या गळ्यात बेसबॉलची टीम पडली. हॉस्पिटलातल्या एका कॅनेडियन पोर्टरने रविवारी पार्कात खेळणारी मंडळी जमवली होती. पेंडसे त्याच्या आग्रहाने बघायला गेले आणि रमले. पुढे पोर्टर मायदेशी परतला, तेव्हा कागदपत्रं नीटनेटकी ठेवणारा म्हणून सगळ्यांनी मॅनेजर केलं पेंडशांनाच. बॉल टाकणारा पिचर कधी बदलायचा, हेही आता त्यांनीच ठरवायचं. एकदा काढलेला पिचर त्या मॅचमध्ये परत घेता येत नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी पेंडसे दहादा विचार करायचे.

त्यातून त्यांनी हॉस्पिटलात एकदा एक एक्स-रे फिल्म पाहिली होती. क्रिकेट खेळताना बाउंड्रीवरून थ्रो करणारा एक धडधाकट माणूस, आणि त्याच्या दंडाचं हाड पिळवटून दोन तुकडे. कोणी धक्का दिला नव्हता, पडला नव्हता. "तीन आठवडे दंड ठणकत होता," स्ट्रेचरवर तो सांगत होता, "मी म्हटलं, जाईल." हाड मोडल्याचा आवाज पॅव्हिलियनपर्यंत गेला होता म्हणे.

१९९१च्या ऑगस्टमध्ये सेमीफायनल होती. शेवटची इनिंग, पेंडशांची टीम एका रनने पुढे. पहिला पिचर दमला म्हणून त्यांनी कीथला आणला. कीथ अडतीस वर्षांचा, धंद्याने प्लास्टरर. दिवसभर भिंती लिंपायच्या आणि रविवारी शेवटच्या इनिंगमध्ये येऊन मॅच सांभाळायची. त्याने पहिल्या बॅटरला आउट केलं; आणखी दोन आउट झाले की मॅच खिशात. मग त्याचे बॉल भलतीकडेच जायला लागले. पुढचे दोन बॅटर बेसवर, रनच्या वाटेवर पोचले. प्रत्येक बॉलनंतर तो पाठ फिरवून दंड चोळत होता. खांदा नाही, कोपर नाही. दंड.

पेंडसे जागच्या जागी घुटमळले. काढावं, तर मॅच जाणार आणि टीम खायला उठणार. ठेवावं, तर...

बाजूला फोल्डिंग खुर्चीवर त्यांची बायको सुनीती बसली होती. तिला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा कळत होता.

"अहो, काय झालं?"

"त्याचा दंड दुखतोय."

"मग जा ना! इथे उभे राहून काय बघताय?"

ते गेले. कीथने त्यांना येताना पाहिलं आणि बॉल पाठीमागे धरला.

"परत जा, शशी. मी ठीक आहे."

"दंड दुखतोय का?"

"सगळ्यांचंच काही ना काही दुखतं. फक्त दोन आउट हवेत!"

"बॉल दे, कीथ."

कीथने बॉल दिला नाही, त्यांच्या पायाशी टाकला. बदली आलेल्या पिचरच्या तिसऱ्या बॉलवर मॅच गेली. आठवड्याने कीथने एक्स-रे काढून घेतला. फिल्म अगदी स्वच्छ. "बघितलंस? काही नव्हतं," एवढं बोलून तो दुसऱ्या क्लबात गेला. बारीक चीर सुरुवातीला फिल्मवर उमटत नाही, हे पेंडशांना ठाऊक होतं. पण आपण उगीच घाबरलो असू, हेही त्यांना तितकंच खरं वाटत होतं.

पुढच्या जुलैमध्ये तोच कीथ त्यांच्याविरुद्ध बॉल टाकायला उभा राहिला. चार-पाच बॉल झाले आणि त्याने पाठ फिरवून दंड दाबून धरला. आता तर त्याला बाहेर काढायचा अधिकारही त्यांना नव्हता.

इनिंग संपल्यावर ते मैदान ओलांडून सरळ समोरच्या मॅनेजरकडे गेले. लेन नावाचा म्हातारा होता.

"लेन, त्याला काढ. मी असा हात मोडलेला पाहिलाय."

लेन खो खो हसला. "छान युक्ती आहे, शशी! माझा बेस्ट पिचर मी तुझ्या सांगण्यावरून काढू?"

मागून त्यांच्याच टीममधलं कोणीतरी ओरडलं, "लाज आणलीत!" कीथने सगळं ऐकलं होतं. पुढच्या इनिंगला तो पुन्हा बॉल टाकायला गेला.

पेंडशांना बघवेना. त्यांनी नजर बुटांवर खिळवली, पण कान बंद करता येईनात. एक बॉल पडला. दुसरा पडला. तिसऱ्याला त्यांनी श्वास रोखून धरला. तो कडाड आवाज आता येईल, आता येईल...

आवाज आला नाही. पुढचा बॉलही पडला नाही. त्यांनी वर पाहिलं, तर कीथ बॉल जमिनीवर ठेवून, उजवा हात डाव्या हाताने उचलून धरत चालत येत होता. लेनच्या बाजूला न जाता तो पेंडशांसमोर उभा राहिला. चेहरा पांढराफटक.

"ईस्टरपासून दुखतोय," तो हळूच म्हणाला. "बायकोलासुद्धा सांगितलं नाही. हात गेला तर खाऊ काय, शशी?"

"चल," पेंडसे म्हणाले. गाडीत सुनीतीने त्याचा हात आपल्या स्कार्फने बांधला, आणि प्रत्येक स्पीड ब्रेकरला पेंडसे गाडी जवळजवळ थांबवून पुढे नेत होते.

या वेळी फिल्मवर केसासारखी चीर होती. डॉक्टरांनी तीन महिने हात गळ्यात बांधायला लावला. कीथ कामावर परतला, भिंती लिंपू लागला. बॉल मात्र त्याने पुन्हा टाकला नाही.

पेंडसे आणखी चार वर्षं मॅनेजर राहिले. कोणी नुसता दंड खाजवला, तरी ते उठून त्याच्याकडे निघायचे. दोन-तीन मॅचेस त्यापायी हातच्या गेल्या. पोरं चिडायची, तोंडावर बोलायची. पेंडसे मान खाली घालून ऐकून घ्यायचे आणि हात पुढे करून बॉल मागायचे.