लोण्याच्या खोलीतली थंडी

अमेरिकेला एम.एस.साठी निघण्याआधी मी संगमनेरला, एसटीडी बूथशेजारच्या एका शिंप्याकडून लोकरी कोट शिवून घेतला. अंगानं काटकुळा, दाताखाली कायम दोरा. त्यानं मला आरशापुढं उभंच केलं नाही.

"दिसतो कसा ते ऱ्हाऊ द्या, थंडीत टिकतो का ते बघू," म्हणाला, आणि भर मे महिन्यात सायकलवर डबलसीट घेऊन मला एका ओळखीच्या दूध डेअरीत नेलं. तिथल्या लोणी साठवायच्या थंडगार खोलीत आम्ही खोक्यांवर बसलो. मी कोटात, तो नुसत्या बनियनवर. त्याचे दात वाजत होते, तरी मेव्हण्याच्या सोयरिकीची हकीकत काही थांबेना.

"तुम्ही बाहेर थांबा ना," मी म्हणालो.

"मग तुमच्याशी बोलंल कोन? कोटात थंडी लागत न्हाई. गप बसल्यावर लई लागती."

मला हसू आवरेना. बाहेर आल्यावर त्यानं माझी पाठ चाचपली, "जावा आता," म्हणाला आणि उन्हात कुडकुडत उभा राहिला.

तिकडच्या पहिल्या हिवाळ्यात, बर्फ पडत असताना, बसथांब्यावरच्या एका अनोळखी म्हाताऱ्याला मी मराठीतून माझ्या आत्याच्या लग्नाची हकीकत सांगितली. त्यानं आपली बस सोडून दिली आणि हकीकत शेवटपर्यंत ऐकली.