गोड्या पाण्याची पेटी

माझ्या वडिलांनी मला आयुष्यात सर्वांत जास्त वेळा कुठल्या नावानं हाक मारली असेल, तर ती ‘गाढवा’ या नावानं. दुसरा नंबर ‘शहाण्या’चा, आणि तो जास्त वाईट. शहाण्या म्हणाले की पुढचा अर्धा तास ऐकावं लागायचं.

पाटबंधारे खात्यात कालव्यावर नोकरी करून अण्णा निवृत्त झाले. त्यांचा खरा जीव मात्र धरणाच्या पाण्यात आणि त्यातल्या मरळ माशात. गळाला गांडूळ लावायला ते तयार नसत. गांडुळानं कुणीही मासा धरतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत सगळे ‘खोटे’ असायचे: रबरी बेडूक, पांगाऱ्याच्या लाकडाचा कोरलेला मासा, आणि स्टीलच्या चमच्यांचे दांडे कापून केलेली चकचकीत आमिषं. चमचे अर्थातच आईचे. पाहुणे आले की चमचे कमी पडायचे आणि घरात भांडण व्हायचं.

कुठला खोटा कधी लावायचा, याचे त्यांचे नियम होते. पाणी गढूळ असेल तर मोठा आणि भडक, निवळ असेल तर लहान आणि चंदेरी. कमळाच्या पानांत बेडूक, कारण त्याचे गळ पोटाशी दडलेले असतात आणि पानांत अडकत नाहीत. मी आपल्या मनानं काही निवडलं की ते माझ्या हातातून काढून घ्यायचे. “ठेव त्यो. तुला काय कळतंय?” कॉलेजला गेलो, इंजिनिअर झालो, लग्न झालं, तरी धरणावर माझा दर्जा बदलला नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यातून ते बरे झाले. वाचा शाबूत राहिली, पाय चालायला लागला, उजवा हात तेवढा कमजोर राहिला. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. पण त्या दिवसापासून अण्णा सभ्य झाले. जेवणात मीठ कमी पडलं तर “चालेल.” टीव्हीचा आवाज मोठा झाला तर “राहू दे.” आईनं एकदा मुद्दाम एक नवाकोरा जाड चमचा त्यांच्यापुढे ठेवला, तर त्यांनी त्यानं मुकाट्यानं औषध ढवळून घेतलं. आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. लोक म्हणायचे, स्वभाव किती शांत झाला. आम्हाला मात्र घरात कुणी परका माणूस आणून ठेवल्यासारखं वाटायचं.

मी कतारला नोकरीवर परत निघालो तेव्हा त्यांनी पेटी माझ्यापुढे सरकवली. “घेऊन जा. मला आता काय उपयोग?” मी घेतली. त्यांना बरं वाटेल म्हणून घेतली, असं मी स्वतःला पटवून दिलं.

इथं मी आणि बायको अल मुंतझा भागात राहतो आणि माझं ऑफिस वेस्ट बे भागात. ऑफिसातला माझा एक मित्र वसईचा, जन्मापासून समुद्राजवळचा. शुक्रवारी सकाळी त्याच्या गाडीनं आम्ही समैस्माच्या समुद्रकिनाऱ्यावर गळ टाकायला जायला लागलो. तिथून मी अण्णांना फोन करायचो. “पाणी काचेसारखं आहे अण्णा, ऊन पडलंय. कुठला लावू?”

“तुला बरं वाटेल तो लाव,” ते म्हणायचे.

प्रत्येक वेळी हेच उत्तर. मी फोन ठेवायचो आणि पेटीकडे बघत बसायचो. माझा हात कशालाच लागायचा नाही. शेवटी मित्र ओरडायचा, “यल्ला, लाव काहीतरी! मासा काय तुझी वाट बघत बसणार?”

आमच्या घरात मासेमारीचं सामान कधी कुणी धुतलं नाही. धरणाच्या गोड्या पाण्यातून काठी काढायची, झटकायची, भिंतीला टेकवायची. मी समैस्माहून येऊन तेच केलं. तीन महिन्यांत गळ लाल झाले, बेडकांच्या पोटाला गंज लागला, आणि रिळाच्या फटींत पांढरं मीठ साचून ते खरखर वाजायला लागलं. चमच्याचा एक खोटा तर खडकात अडकला, तंगूस म्हणजे गळाची दोरी तुटली आणि तो कायमचा गेला. मित्रानं पेटी उघडून बघितली आणि कपाळाला हात लावला. “हे सगळं गोड्या पाण्यातलं आहे रे. आणि धुतलं नाहीस? आम्ही बोटीवरून उतरलो की आधी रीळ धुतो, मग तोंड!”

याच सुमारास आईचा फोन आला. ती माझ्या बहिणीच्या बाळंतपणासाठी तिकडेच थांबणार होती, आणि अण्णांना दीड महिना माझ्याकडे पाठवत होती. “हवापालट होईल,” म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “बघ काही बोलतात का.”

आता मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. मित्राला घेऊन मी मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गेलो. तो मला बिचारा मनापासून समजावत होता: खाऱ्या पाण्याला गंज न धरणारा गळ घे, हामूर माशासाठी वजनदार आमिष घे, तंगूस जाड घे. मी मात्र अण्णांच्या बेडकांसारखे दिसणारे बेडूक शोधत होतो. मिळाले. घरी आणून मी ते पॉलिश पेपरनं घासले, चहाच्या पाण्यात बुडवून ठेवले. बायकोच्या सेटमधला एक चमचा कापून त्याला भोकं पाडली. रिळात इतकं तेल ओतलं की ते गळायला लागलं. बायको हे सगळं बघत होती. “खरं सांगून टाका ना,” ती म्हणाली. पण खरं सांगितल्यावर ते “चालेल” म्हणतील, याची मला भीती वाटत होती. त्यांची आयुष्यभराची पेटी मी नासवली आणि तरीही ते “चालेल” म्हणाले, तर मग काही उरलंच नाही.

अण्णा आले. विमानतळावर म्हणाले, छान आहे. घर बघून म्हणाले, छान आहे. पहिल्या शुक्रवारी आम्ही सगळे समैस्माला गेलो. बायकोनं चटई पसरली, थर्मास काढला. मित्रानं अण्णांसाठी खुर्ची मांडली. मी पेटी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि उगाचच वाळू झटकत बसलो.

त्यांनी डाव्या हातानं झाकण उघडलं. एक बेडूक उचलला, नाकाशी नेला, परत ठेवला. मग चमचा उचलला आणि उलटसुलट करून पाहिला.

“ह्यो कुणी केला?”

“तुमचाच आहे अण्णा.”

“माझा?” त्यांनी चमचा माझ्यासमोर धरला. “गळ रुंद बाजूला असतो, दोरी अरुंद बाजूला. ह्यो उलटा हाय. मी काय दारू पिऊन केलता?”

त्यांनी रीळ मांडीवर घेतलं, डाव्या हातानं दांडी फिरवली आणि कान जवळ नेला. खरखर. पुन्हा फिरवली. त्यांच्या बोटांना तेल लागलं, आणि तेलात मीठ.

“धुतलं न्हाईस?”

“नाही.”

“खाऱ्या पाण्यात घातलंस आन् धुतलं न्हाईस?”

“आपण कधी धुवायचो नाही अण्णा...”

“आरं गाढवा!”

बायको ओतत असलेला चहा कपाबाहेर सांडायला लागला, तिचं लक्षच नव्हतं.

“गाढवा, धरणाचं पाणी गोडं! तुला इंजिनिअर कुणी केला? मीठ लोखंडाला खातंय हे शाळेतल्या पोराला कळतंय! आन् हे बेडूक! चहाचा वास येतोय त्येंना! मला बनवतोस व्हय, शहाण्या?”

मित्र मध्ये पडायला गेला. “काका, जाऊ द्या...” मी त्याचा हात घट्ट दाबला. एक शब्दही मला चुकवायचा नव्हता.

अण्णांचा आवाज चढतच गेला. माझी नोकरी, माझा आळस, लहानपणी हरवलेली छत्री, सगळं निघालं. मग ते एकदम थांबले, आणि हळू आवाजात म्हणाले, “पेटी दिली तवा लगीच घेतलीस. एकदा तरी न्हाई म्हनायचं हुतंस.”

“चुकलं अण्णा,” एवढंच म्हणालो.

“चुकलं तर पानी आन. गोडं.”

मी पिण्याच्या पाण्याची बाटली आणली. त्यांनी सांगायचं, मी रीळ खोलायचं. चूक झाली की गाढव. तासाभरानं रीळ धड फिरायला लागलं, तेव्हा त्यांनी पाण्याकडे नजर टाकली. मी पेटीतून एक चंदेरी खोटा उचलला.

“ठेव त्यो,” अण्णा म्हणाले. “तुला काय कळतंय?”

मी ठेवला. इतका हलका मी दोन वर्षांत झालो नव्हतो. त्यांनी निवडलेला लाकडी मासा मी बांधला. डाव्या हातानं त्यांनी तो टाकला, आणि तो दहा फुटांवर पडला. मग त्यांनी काठीला शिव्या दिल्या, समुद्राला दिल्या. मासा एकही मिळाला नाही.

दुपारी घरी आल्यावर आईचा फोन आला. “कसे आहेत?” तिनं रोजच्या दबक्या आवाजात विचारलं.

“मला गाढव म्हणाले.”

आईचा आवाज एकदम वर आला.

“एकदाच?”

“मोजायचं राहून गेलं. शहाण्यासुद्धा म्हणाले.”

“मोठ्यानं म्हणाले का रे?”

“किनाऱ्यावरची माणसं वळून बघत होती.”

आतल्या खोलीतून अण्णा ओरडले, “कोन हाय? तुझी आई आसंल तर तिला सांग, तू माझा चमचा घालवलास. दुसरा लागंल!”

आईला ते ऐकू गेलं असावं. ती रडत होती की हसत होती, कळत नव्हतं. “घ्या म्हणावं,” ती म्हणाली. “सगळे घ्या.”