रामटेकच्या पायऱ्यांवर घेतलेला सूड

मैत्रिणींनो, आज मी सूड घेतला आणि मला जराही वाईट वाटत नाहीये.

तीन वर्षांपूर्वी माझ्या निरोप समारंभात आमच्या ऑफिसातले बोरकर माईकवर म्हणाले होते, "मॅडम चालल्या, आता लिफ्टले आराम भेटन." सगळे हसले. मीही हसले आणि घरी येऊन ढसाढसा रडले.

पुढच्या वर्षभरात मी एकोणीस किलो उतरवले. तेव्हा बोरकर म्हणाले, "सहा महिन्यांत वजन वापस येते, पाहून घ्या." दोन वर्षं झाली, एक किलोही परत आला नाही. रोज सकाळी तासभर चालते, लग्नाच्या पंगतीतही हात आवरते.

आज आम्ही ऑफिसातली निवृत्त मंडळी जोडीदारांसह रामटेकला गेलो. मी न थांबता पायऱ्या चढले. बोरकर अर्ध्यावरच धापा टाकत बसले.

"मॅडम, कसं केलं, मलेही सांगा ना."

"नाही सांगत," मी सगळ्यांसमोर म्हणाले. "तुम्ही माह्यं हसं केलं, त्या दिवशी मी घरी जाऊन रडली होती."

त्यांनी मान खाली घातली. मला फार बरं वाटलं.

उतरताना त्यांची बायको हळूच म्हणाली, "ताई, मले तं सांगाल ना?"

तिला सगळं सांगितलं. त्यांना सांगू नको, हेसुद्धा.

तुम्ही त्यांना माफ केलं असतं का?