पंधरावा गेंडा

सिद्धप्पा बिराजदारांनी शुक्रवार पेठेतल्या बोळाच्या या टोकाला "काव्या, चहा!" अशी हाक दिली, की त्या टोकाचा चहावालाही चमकून वर बघायचा. हा आवाज त्यांनी सिटी बसमध्ये कमावला होता. तेहेतीस वर्षं कंडक्टरकी. कितीही गर्दी असो, मागच्या दाराजवळून त्यांनी "चला, पुढं चला!" म्हटलं, की माणसं आपोआप पुढं सरकायची. नाटकात असते तर पहिल्या प्रवेशालाच टाळी घेतली असती त्यांनी.

निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. आता ते सुनेच्या, काव्याच्या, पूजासाहित्याच्या दुकानात स्टुलावर बसत. गिऱ्हाइकाला विभूती कुठली चांगली ते सांगत, खोबऱ्याची वाटी टिचकी मारून निवडून देत. मांडीवर एक निळी वही असे. तिला प्लास्टिकचे पंधरा कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात एक चाराणा. पाठीवर गेंडा असलेला, पांढरा, बोटाच्या पेरात मावेल एवढा. सन अठ्ठ्याऐंशी ते दोन हजार दोन. पंधरा सालं, पंधरा गेंडे.

ही वही भरायला त्यांना सबंध नोकरी लागली, कारण त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला होता. विकत घ्यायचं नाही, कुणाकडून मागायचंही नाही. चार हात फिरून जे आपल्या तळहातावर येईल, तेवढंच आपलं. आलेल्या नाण्याच्या जागी ते खिशातले पैसे टाकत आणि नाणं रुमालाच्या गाठीत बांधत.

दोन हजार अकराच्या जूनअखेर चाराणे बंद होणार असं जाहीर झालं, तेव्हा वहीत चौदाच गेंडे होते. त्या आठवड्यात लोकांनी घरातले डबे पालथे केले. किराणावाले चाराणे घेईनात, भाजीवाल्या घेईनात, मग सगळे सुटले सिटी बसकडे. बाकीचे कंडक्टर खेकसायचे. सिद्धप्पा मात्र हात पुढं करून म्हणायचे, "आणा, आणा! अजून सरकारनं जीव घेतला न्हाई त्याचा." शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी एका शेंगा विकणाऱ्या बाईनं चार चाराणे त्यांच्या हातावर ठेवले. त्यात दोन हजार दोनचा गेंडा होता. सिद्धप्पांनी भर बसमध्ये असा जोरात "आला!" म्हणून आवाज दिला, की ड्रायव्हरला वाटलं स्टॉप आला आणि त्यानं ब्रेक दाबला.

जादाचे सगळे चाराणे त्यांनी बँकेत रांग लावून बदलून घेतले. पंधरा तेवढे राहिले. तेव्हापासून वही पुरी होती, आणि आता कुणाच्या हातावर चाराणा पडणारच नव्हता. त्यामुळे ती तशीच पुरी राहणार होती.

रुद्रप्पा हा त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. तो मोठा संग्राहक. जुन्या राजवटींची नाणी बाळगणारा, दरवर्षी हॉल घेऊन प्रदर्शन भरवणारा. त्या प्रदर्शनात सिद्धप्पांना काम ठरलेलं, दारात बसून प्रवेशाची तिकिटं फाडायचं. "तुझा हात बसलाय त्याला," रुद्रप्पा म्हणायचा. सिद्धप्पा हसायचे, पण मनात कुठंतरी टोचायचं. आत टेबलांवर नाणी, आणि आपण दारात.

यंदा मात्र रुद्रप्पा स्वतः दुकानात येऊन सांगून गेला होता. "पुऱ्या संचाला पुढचं टेबल, नावाची पाटी. तुझा संच पुरा हाय. रविवारी कोट घालून ये."

सिद्धप्पांनी कोट इस्त्रीला दिला.

गुरुवारी दुपारी दुकानापुढं दोन बायका आणि एक पुरुष येऊन उभे राहिले. सांगोल्याकडची मंडळी. पुढं चिमाबाई, साठीपलीकडची, नाकात ठसठशीत नथ. मागं नात रुपाली आणि तिचा बाप धुळा. उद्या रुपालीची सुपारी फुटायची होती, मुलगा नातेपुत्याचा. हळद, कुंकू, सुपाऱ्या, खोबरं, सगळं काव्यानं काढून दिलं.

"आनि चाराणा द्या एक," चिमाबाई म्हणाली.

काव्या हसली. "आज्जी, चाराणे बंद होऊन चौदा वर्षं झाली."

"ठावं हाय मला. पर सुपारीच्या पानावर सव्वा रुपाया ठेवल्याबिगर आमच्यात बोलणी पक्की व्हत न्हाईत. रुपाया हाय. वरचा चाराणा पायजे."

"मग दोन रुपये ठेवा की."

"दोन म्हंजी दोन. सव्वा म्हंजी सव्वा. वरचं पाव देवाचं असतंय."

"सव्वा रुपया मोबाईलवरनं पाठवता येतो, आज्जी. एक पॉइंट पंचवीस टाकायचं, झालं."

"आनि देव काय मोबाईल धरून बसलाय व्हय गं?"

रुपाली तोंडावर पदर घेऊन हसली. सिद्धप्पाही हसले, पण त्यांचा हात नकळत वहीवर गेला.

"अक्का, तुमच्या घरात एवढी लग्नं झाली," ते म्हणाले, "घरचा चाराणा असंलच की."

"व्हता." चिमाबाईनं मान वळवून लेकाकडं बघितलं. "इचारा ह्याला."

धुळा पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायला लागला. चिमाबाईच सांगू लागली. घरात एकच चाराणा होता, देव्हाऱ्यात. धुळाच्याच सुपारीवर ठेवलेला. धुळानं मोबाईलवर कुणाचं तरी बोलणं ऐकलं, की गेंड्याचा चाराणा लाखाला जातो. बाजारात एक टोपीवाला भेटला. आधी नाणं तपासायला दे म्हणाला, मग वर पाचशे रुपये नोंदणीचे घेतले, आणि नाणं, पाचशे, टोपी सगळंच गडप झालं.

"लाख यायचं व्हतं म्हनं. त्यात मेंढरास्नी शेड बांदनार व्हता!"

"आई, झालं की आता," धुळा पुटपुटला.

"झालं कुटं? उद्या पावनं येत्यात. पानावर काय ठेवू, तुझं डोस्कं?"

तेवढ्यात रुपाली हळूच म्हणाली, "आज्जे, ऱ्हाऊ दे. आपन पुडची तारीख घिऊ." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

काव्यानं सासऱ्याकडं पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. तिला ठाऊक होतं, रविवार काय आहे ते.

सिद्धप्पांनी वही उघडली. पंधराही गेंडे एका ओळीत डोकं खाली घालून उभे होते.

"पोरी, जन्म कुठल्या सालचा तुझा?"

"दोन हजार दोन."

सिद्धप्पा खो खो हसले. "बघा! सगळ्यात शेवटी आलेला हाच, आणि पहिला निघालाही हाच!"

त्यांनी शेवटच्या कप्प्यातून नाणं काढलं, अंगठ्यानं एकदा गेंड्यावरून फिरवलं आणि जुन्या सवयीनं तळहातावर ठेवून पुढं केलं, जसं सुट्टं परत करतात तसं.

चिमाबाईनं दहाची नोट काढली. सिद्धप्पांनी हात मागं घेतला. "न्हाई अक्का. हे विकायचं न्हाई. चालवायचं हाय."

"मग परत आनून द्येते सुपारी झाल्यावर."

"तुमच्यात पुढं काय करतात त्याचं?"

"पोरीच्या पदराला बांदत्यात. सासरी जातंय तिच्यासंगं. तितं देव्हाऱ्यात."

"मग जाऊ द्या की नातेपुत्याला."

संध्याकाळी रुद्रप्पाला कळलं, तसा तो तणतणत आला. "सिद्धप्पा, डोकं फिरलं काय? चौदावर पुढचं टेबल कसं देऊ? लोक विचारतील मला." मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे घे. माझ्याकडं दोन हजार दोनची सात हायत. दोन दिवस लाव, मग परत कर. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय की."

"अरे, तसंच नाणं हाय!"

"तसंच हाय. पण ते माझ्या हातावर कधी पडलं न्हाई, रुद्रू."

"मग बस जा दारात, तिकिटं फाडत!"

"बसतो की," सिद्धप्पा म्हणाले. "माझ्याशिवाय रांग कोण सांभाळणार तुझी?"

रात्री मात्र त्यांनी काव्याकडून एक जाड पांढरा कागद मागून घेतला, कात्रीनं कप्प्याएवढा कापला आणि त्यावर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. काव्यानं वाकून वाचलं. "मामा, कोट इस्त्रीहून आणून ठेवलाय," एवढंच ती म्हणाली.

रविवारी सिद्धप्पा कोट घालून हॉलच्या दारात बसले. एका हातात तिकिटांचं पुस्तक, समोरच्या टेबलावर निळी वही उघडी. आत जाणाऱ्या प्रत्येकाला तिच्यापुढूनच जावं लागत होतं. चौदा गेंडे आणि पंधराव्या कप्प्यात ती चिठ्ठी:

"सन २००२. हे नाणं चालू आहे. पुढचा मुक्काम नातेपुते."

पहिल्यांदा थांबली ती एक कॉलेजची मुलगी. मग दोघे म्हातारे. मग कुणीतरी विचारलं, "चालू आहे म्हणजे काय? चाराणे तर बंद झाले." सिद्धप्पांनी सांगायला सुरुवात केली. शेंगावाली, करकचून दाबलेला ब्रेक, धुळाचे लाख, देवाचा मोबाईल. प्रत्येक पात्राचा आवाज वेगळा, चिमाबाईची तर नाकातली नथसुद्धा दिसावी असा. ऐकणाऱ्यांच्या मागं आणखी ऐकणारे उभे राहिले. दारातली रांग जिन्यावरून खाली उतरली. आतल्या टेबलांजवळचे लोकही उलटे दाराकडं आले.

रुद्रप्पा गर्दीतून वाट काढत बाहेर आला. पुढचं टेबल आत रिकामंच होतं. त्यानं वहीकडं पाहिलं, चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली. कपाळ पुसत म्हणाला, "लेका, दार अडवलंस की सगळं! आत कुणी येईना झालंय."

सिद्धप्पा उठून उभे राहिले. कोटाचं बटण लावलं, छाती भरून श्वास घेतला, आणि तेहेतीस वर्षांचा तो आवाज जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत गेला:

"चला, पुढं चला! थांबू नका! नाणंसुद्धा पुढं गेलंय!"

आणि सगळी रांग हसत हसत पुढं सरकली.