डाव्या मांडीवरचे दोन ठिपके

लोहारा तालुक्यातल्या त्या गावात माझी नेमणूक होऊन पाच वर्षं झाली होती. भूकंपानंतर वसवलेलं गाव, रस्ते रुंद, घरं एकमेकांपासून लांब. त्यातल्याच दोन खोल्यांच्या एका घरात आमचं उपकेंद्र, आणि मी तिथली नर्स. गाव मला नुसतं सिस्टर म्हणायचं. सिस्टर एका वेळी तीन कामं करतात, अशी माझी ख्याती होती. खांदा आणि कान यांच्यामध्ये मोबाईल, एका हातात पेन, दुसऱ्या हातात कुणाचं तरी मनगट. मला त्याचा अभिमानही वाटायचा. दिवस कसा घालवायचा हे मी कधी ठरवलंच नाही. जो आधी हाक मारेल त्याचं काम आधी.

तो लसीकरणाचा मंगळवार होता. दीड महिन्याची जुळी मुलं आली होती. थोरला आईच्या मांडीवर, धाकटा आजीच्या. दोघं अगदी सारखे, थोरल्याच्या पायात काळा दोरा होता एवढाच फरक. डोस पाजून झाले, बाकीच्या सुया झाल्या. डाव्या मांडीतली शेवटची लस तेवढी राहिली होती. आईच्या मांडीवरच्या थोरल्याला ती टोचली, धाकट्यासाठी सिरिंज भरली आणि मोबाईल वाजला.

आरोग्य केंद्रातून डॉक्टर बोलत होते. "सिस्टर, गरोदर मातांचा आकडा द्या. मीटिंगमध्ये बसलोय, आत्ता पाहिजे."

भरलेली सिरिंज ट्रेमध्ये ठेवून मी रजिस्टरकडे वळले. पानं उलटली, आकडा सांगितला, त्यांनी दुसरा विचारला, तोही सांगितला. परत वळले तेव्हा समोर आजी होती आणि तिच्या मांडीवर बाळ. मी टोचलं. आजीनं नेहमीसारखी मान फिरवली होती. आई भिंतीकडं तोंड करून पाजत बसली होती. पुढचा अर्धा तास त्यांना बसवून ठेवलं, पण त्यातही माझ्या कानाला मोबाईलच होता. मग घरचं कुणीतरी त्यांना मोटारसायकलवरून शेतातल्या घरी घेऊन गेलं.

दुपारी कार्डं भरताना आमच्या गावच्या आशाताई सहज बोलल्या, "त्या धाकट्यानं तर शेवटच्या सुईला रडूनच दाखवलं न्हाय. दूध पीत पडला हुता निवांत."

"धाकटा आजीकडं होता ना?"

"आवं, तुमी फोनवर हुता तवा त्यांनी बाळं बदलली की. धाकट्याला भूक लागली म्हणून आईनं घेतलं."

माझ्या हातातलं पेन तसंच थांबलं. आजीच्या मांडीवर मग थोरला होता. म्हणजे एकाच लेकराला मी तीच लस दोनदा टोचली होती.

आशाताईंनी काही विचारायच्या आत मी डॉक्टरांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. मीटिंग चालूच होती. दोन्ही कार्डं समोर पडलेली. दोघांच्या रकान्यात खूण केली असती तर कुणालाही कळलं नसतं. हा विचार माझ्या मनात आला, आणि बराच वेळ टिकला, हे मी लपवत नाही. नोकरी जाईल, गावात तोंड दाखवता येणार नाही, असं काय काय डोक्यात आलं. पण त्याहून मोठी भीती त्या लेकराची होती. त्याला काही झालं आणि का झालं हे मला एकटीलाच माहीत असलं, तर?

मी स्कूटी काढली. आशाताई मागं बसल्या. शेतापर्यंतची वाट जेमतेम चार किलोमीटर, पण कच्च्या रस्त्यावर गाडी दोनदा घसरली.

"सिस्टर, हळू," आशाताई म्हणाल्या. "तुमीच पडलाव तर लेकराकडं कोण बघंल?"

आई ओसरीत होती. मी काही न सांगता थोरल्याचं दुपटं बाजूला केलं. डाव्या मांडीवर दोन लाल ठिपके, एकमेकांपासून बोटभर अंतरावर. धाकट्याची डावी मांडी कोरी होती.

मग मी सांगितलं. काय बोलले ते नीट आठवत नाही. आजी उठून उभी राहिली.

"आता काय हुईल माझ्या लेकराला? सांगा की, बाई!"

आईनं बाळ उचलून छातीशी धरलं आणि माझ्यापासून दोन पावलं मागं सरकली. आजीच्या ओरडण्यापेक्षा मला ते जास्त लागलं.

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. मी एका दमात सगळं सांगितलं.

"घाबरू नका. बहुतेक ताप येईल, मांडी सुजेल. मी सांगतो तेवढंच औषध द्या, जास्त नाही. बाळ नीट पीत नसेल, मलूल पडलं, श्वास वेगळा वाटला, तर लगेच घेऊन या. आणि सिस्टर, झालंय तसं लिहून द्या."

दिवस मावळेपर्यंत मी तिथंच बसले. चारच्या सुमारास ताप चढला. दर थोड्या वेळानं मी थर्मामीटर लावायची आणि आकडा दिसेपर्यंत श्वास रोखून धरायची. बाळ रडलं की भीती वाटायची, गप्प झालं की त्याहून जास्त. निघताना माझा नंबर आईच्या मोबाईलमध्ये स्वतः टाकून दिला.

सकाळी उजाडताच परत गेले. लांबूनच दिसलं, दारात तीन मोटारसायकली उभ्या आणि ओसरीत माणसं. मी गाडी तिथंच वाटेत थांबवली. पुढं जायचं धाडस होईना. शेवटी गाडी ढकलत चालत गेले. ती माणसं सोयाबीनच्या मळणी यंत्राचं ठरवायला आली होती. बाळ आईच्या मांडीवर दूध पीत होतं. अंग कोमट होतं, मांडी अजून कडक, पण ताप उतरला होता. मी ओसरीच्या कडेला बसले आणि मला रडू आवरेना. आजीनं पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवला आणि पाठ फिरवून आत गेली.

लेखी अहवाल मी त्याच दिवशी दिला. चौकशी झाली, ताकीद मिळाली.

त्यानंतर मी वही घेऊन दिवसाचं नियोजन करायला बसले. पहिल्यांदा तासातासाचा तक्ता केला. तो दोन दिवसांत मोडला, कारण गावातलं बाळंतपण किंवा विंचू तक्ता बघून येत नाही. मग पानावर एकच रेघ मारली, दुपारी दोनची. रेघेच्या वर फक्त माणसं: लसीकरण, तपासणी, गृहभेटी. खाली कागद, आकडे, ऑनलाइन नोंदी. रेघेच्या वर असताना मोबाईल आशाताईंकडं, आणि एका लेकराचं कार्ड भरून झाल्याशिवाय दुसऱ्याला टेबलाजवळ घ्यायचं नाही.

अवघड होतं ते डॉक्टरांना सांगणं. केंद्राच्या पायऱ्यांवर मी ती वाक्यं मनात चारदा घोकली.

"सर, मंगळवारी दोनपर्यंत मी फोन घेणार नाही. तातडीचं असेल तर आशाताईंना सांगा. रिपोर्ट तीनला पाठवीन."

त्यांनी चष्मा काढला. आता ओरडणार असं वाटलं. "वरून मला विचारतात तेव्हा मी काय सांगू?"

"सिस्टर लस टोचतायत, असं सांगा."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "तीन म्हणजे तीन. सव्वातीन नाही."

पुढच्या खेपेला जुळ्यांना घेऊन आई एकटीच आली. आजीनं यायचं नाकारलं होतं. धाकट्याला त्याची राहिलेली सुई टोचताना आईची नजर माझ्या हातावरून हलली नाही, आणि तिनं तसंच बघत राहावं असं मलाही वाटत होतं.

आता जुळी रांगतात. मी मात्र प्रत्येक मंगळवारी सत्र संपल्यावर रिकाम्या सिरिंजा आणि कार्डं जुळवून बघते. जुळली तरी पुन्हा एकदा बघते. आशाताई म्हणतात, "झालं की आता, चला जेवायला." मी हो म्हणते आणि पहिल्या कार्डापासून परत सुरू करते.