विहीणबाईंचं अक्षर

"अंकल, पप्पा गेले." इनासच्या मुलाचा फोन आला, त्याला आता दीड महिना झाला. फोन ठेवल्यावर मनात आधी आल्या त्या इनासच्या विहीणबाई... आता त्या दिवसभर बोलणार कोणाशी?

इनास वसईचा. बायको गेल्यावर मुलाने त्याला इकडे परदेशात, पॉइंट कुकला आणलं. सून चिनी, तिची आईही त्याच घरात. मुलगा-सून कामावर गेले की मागे ही दोन म्हातारी माणसं, एकमेकांच्या भाषेतला शब्दही न येणारी. "दिवसभर टीव्ही आम्हाला बघतो," इनास म्हणायचा. एकदा विहीणबाईंनी कागदावर 畲 असं अक्षर काढलं आणि स्वतःकडे बोट दाखवून म्हणाल्या, "शऽ." इनासला वाटलं, शब्द अडलाय. खालच्या चार चौकटी बघून त्याने तो पुरा केला, "शेत." चौकटी शेताच्याच होत्या. मग बाईंनी हातांनीच झाडं तोडली, पेटवली, राखेत बी टाकलं. डोंगरातली त्यांची जमात आणि तिची ती शेती, दोन्हींना हेच एक अक्षर, हे सुनेने संध्याकाळी सांगितलं. तोवर इनासने ठरवून टाकलं होतं, "हा तर आमचा राब."

पुढे मी गेलो तेव्हा दोघं बार्बेक्यूत वाळका पाला जाळून राख मेथीच्या वाफ्यावर पसरत होती. कुंपणापलीकडून शेजाऱ्याने विचारलं, "ऑल गुड, मेट?" "फार्मिंग," इनास शांतपणे म्हणाला. माझं आयुष्य ग्रंथालयात गेलेलं, मला राहवेना. म्हटलं, "इनास, राब वेगळा. तुमच्याकडे दरवर्षी त्याच वाफ्यावर पाला जाळतात. रान तोडून, जाळून, पेरून पुढे सरकायचं, त्याला कोकणात दळी म्हणतात."

"गप रे, पुस्तकवाल्या. बाईंना कसाबसा एक शब्द आलाय, तोही काढून घेतोस?"

गेल्या आठवड्यात पुन्हा गेलो. डँडेनॉन्गच्या माझ्या घरून दोन ट्रेन, वर बस... पोचेपर्यंत जीव थकतो. इनास नसताना कशाला जातोय, हेही धड कळत नव्हतं. विहीणबाई मागच्या अंगणात वाफ्याशी बसल्या होत्या. मेथी वाळून गेली होती. मला पाहून त्या "राब" म्हणाल्या आणि थांबल्या. समोरून काहीतरी यायला हवं होतं.

"राब," मी म्हणालो.

त्यांनी इनासचं प्लॅस्टिकचं स्टूल पायानेच माझ्याकडे सरकवलं आणि थेट वसईच्या हेलात म्हणाल्या, "बस रे."